मधल्या फळीचा गुरू

हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावर २०२४ साली एक हिंदी चित्रपट आला आणि विस्मृतीत गेलेले हे नाव पुन्हा लोकांच्या ओठांवर आले. ज्या गोमंतकात फुटबॉल हा केवळ खेळ नसून गावोगावचा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेथे तरी हे नाव नव्याने सांगावे लागू नये. तथापि चित्रपटाला सुवर्णपदकाचा क्षण हवा असतो. त्या क्षणामागे वीस वर्षांची जी शिस्त, जी कारकुनी चिकाटी आणि शाळामास्तराची जी सोशिकता उभी होती, ती पडद्यावर मावत नाही. आम्हांस आज तिच्याविषयी लिहावयाचे आहे.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. त्या वेळचे हैदराबाद हे नुसते शहर नव्हते, ते एक विस्तीर्ण संस्थान होते. मराठवाड्याचे जिल्हे त्यात होते आणि पैनगंगेच्या काठचा आदिलाबाद जिल्हाही त्यातच होता. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट आणि चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबादेतच मोडत. तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या भाषा तेथील बाजारात एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून नांदत आल्या आहेत. १९५६ च्या पुनर्रचनेने या मुलखाची तीन राज्यांत वाटणी केली, २०१४ साली तेलंगण वेगळे झाले आणि २०१६ साली खुद्द आदिलाबाद जिल्ह्याचेही चार तुकडे पडले. परंतु पन्नाशीच्या दशकात हैदराबादचा संघ मुंबईत वा दिल्लीत जिंकला की तो विजय या साऱ्या मुलखाचा असे. म्हणूनच रहीम यांची कथा मराठी माणसाला परकी नाही.

उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना रहीम फुटबॉल खेळले, पुढे हैदराबादच्या स्थानिक सामन्यांतही उतरले. मात्र खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती देशभर झाली नाही. त्यांनी पत्करली ती शिक्षकाची नोकरी. शाळेत शिकवावे, शारीरिक शिक्षणाची पदविका घ्यावी आणि संध्याकाळी मैदानावर मुले गोळा करावीत, असा त्यांचा क्रम होता. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. चिटणीसपद म्हणजे पत्रव्यवहार, वेळापत्रके आणि भांडणे मिटविणे. हे काम कोणाला कीर्ती देत नाही. पण त्या कामातूनच एका प्रांताचा खेळ उभा राहिला, हे विसरता येत नाही.

रहीम यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू पायाशी घोळवीत नेण्यास मनाई असे. चेंडू आला की तो लगेच सहकाऱ्याकडे दिला पाहिजे. दुसऱ्या काही स्पर्धांत खेळाडूने आपला दुबळा पायच वापरावा, असा दंडक होता. या नियमांमागचा विचार खोल होता. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे एकट्याने चार जणांना चकवून टाळ्या मिळविणे, अशी समजूत होती. रहीम यांना टाळ्या नको होत्या. चेंडू अडवून योग्य जागी पोचविणारा, बचाव आणि आघाडी यांमधली वाट सतत तुडविणारा हाफबॅक त्यांना संघाचा कणा वाटे. अशा खेळाडूचे नाव गोलांच्या यादीत येत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातही क्वचितच येते. परंतु तो दमला की संघ कोसळतो.

१९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. त्या काळी आपल्याकडे धंदेवाईक फुटबॉल उघडपणे अस्तित्वात नव्हता. खेळाडूचे पोट नोकरीवर चाले. पोलीस, रेल्वे, लष्कर, गिरण्या आणि कारखाने हेच त्याचे आश्रयदाते. खेळता येते म्हणून नोकरी, आणि नोकरी आहे म्हणून खेळ, असा तो व्यवहार होता. अशा पगारी, साध्या घरांतून आलेल्या शिपायांकडून रहीम यांनी १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकून घेतला. १९५० व १९५४ या वर्षी ड्युरँड चषकही याच संघाने नेला. १९५६ व १९५७ साली हैदराबादने संतोष चषक पटकावला. कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांचे वर्चस्व दख्खनच्या पोलिसांनी मोडावे, हे त्या वेळी अनेकांना नवल वाटले.

राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक मिळविले. पुढल्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. थंडीत, ओल्या मैदानावर आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. दुसरा कोणी असता तर दैवाला दोष देऊन मोकळा झाला असता. रहीम यांनी त्या पराभवाचा पाठ्यपुस्तकासारखा अभ्यास केला. बूट आले, व्यायाम आला आणि संघरचना बदलली. १९५३ साली हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरविले, तेव्हा जुनी रचना कालबाह्य झाल्याचे साऱ्या जगाला कळून चुकले. ते वारे ओळखणारे फार थोडे लोक आपल्याकडे होते, त्यांत रहीम अग्रगण्य. पुढे त्यांनी चार बचावपटू, दोन मधले आणि चार आघाडीचे अशी रचना स्वीकारली. तीत मधल्या दोघांवर सर्वाधिक भार पडतो. ज्याने मुलांना वर्षानुवर्षे चेंडू चटकन पुढे देण्यास शिकविले, त्यालाच ही रचना परवडणारी होती.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या तपश्चर्येला फळ आले. १ डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्या सामन्यात नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय वंशाच्या खेळाडूने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई होय. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, परंतु अखेर भारत ४-१ असा हरला आणि बल्गेरियाकडून पराभूत होऊन चौथा आला. नेव्हिलचे गोल इतिहासात राहिले. त्याच्या मागे नूर मोहम्मद आणि केम्पय्या यांच्यासारखे हाफबॅक राबत होते, हे आज किती जणांस आठवते?

१९६० च्या रोम ऑलिंपिकमधील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही मधल्या फळीचेच खेळाडू. ते रोमला गेलेल्या संघात होते, परंतु तेथे त्यांना एकही सामना खेळावयास मिळाला नाही. हंगेरीशी भारत २-१ असा निसटता हरला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, पेरूने ३-१ असे हरविले. आणि प्रशिक्षकाचा मुलगा तिन्ही वेळा मैदानाबाहेरच राहिला. आपल्या सार्वजनिक जीवनात पुत्रप्रेमाचे जे दर्शन पदोपदी घडते, त्या पार्श्वभूमीवर हा प्रसंग पुन्हापुन्हा सांगण्याजोगा आहे. हकीम पुढे वायुदलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि साळगावकर क्लबचे प्रशिक्षक म्हणून गोव्यातही त्यांनी काम केले. २०२१ साली ते निवर्तले. ज्या खेळाडूला मोठ्या मंचावर पाऊल टाकता आले नाही, त्यानेच पुढे आयुष्यभर खेळाची सेवा करावी, यात त्या घराण्याचा संस्कार दिसतो.

१९६२ साली जाकार्ताला निघताना रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरविले. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे यजमान प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले होते. थायलंडविरुद्ध डोक्याला जखम होऊन टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला रहीम यांनी आघाडीला खेळविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ असे हरविले. एक गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा, दुसरा जर्नेलचा. त्या संघाच्या मधल्या फळीत बार्देशातील कोलवाळचे फोर्तुनात फ्रांको होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. ११ जून १९६३ रोजी रहीम यांचे देहावसान झाले. वय अवघे ५३. त्या विजयानंतर आशियाई सुवर्णपदक भारतीय फुटबॉलच्या वाट्याला आले नाही.

हैदराबादचा फुटबॉलही त्यांच्यामागे हळूहळू ओसरला. एका माणसावर सारे अवलंबून असल्याचा हा परिणाम, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. माणूस गेला तरी त्याची पद्धत उरू शकते. परंतु ती उरण्यासाठी शाळा लागते, मैदान लागते आणि संध्याकाळ देणारा शिक्षक लागतो. नोकरी देऊन खेळाडू सांभाळणारी जुनी संस्थात्मक व्यवस्था बव्हंशी मोडली, तिच्या जागी झगमगती लीग आली. तीत मोजक्या तारकांना मोठे पैसे मिळतात. पण आज या क्लबात तर उद्या त्या क्लबात, एकेका हंगामाच्या करारावर फिरणाऱ्या सामान्य हाफबॅकची चिंता कोण करतो? पस्तिशीत पाय थकल्यावर त्याने काय करावे? पोलिसांतल्या शिपायाला निदान निवृत्तिवेतन तरी होते.

रहीम यांचे स्मारक उभारावयाचे असेल तर ते पुतळ्याने होणार नाही. आदिलाबादच्या आश्रमशाळेत, किनवटच्या हायस्कुलात किंवा आमच्या सत्तरी-पेडण्यातील एखाद्या विद्यालयात क्रीडाशिक्षकाची रिकामी जागा भरली जावी, त्याच्या हाती चार चेंडू द्यावेत आणि खेळून झालेल्या खेळाडूस त्या जागेवर पहिला हक्क मिळावा. ही मागणी फार मोठी नाही. सरकार आणि क्रीडासंघटनांनी एवढे केले, तरी त्या शाळामास्तराचे ऋण थोडेफार फिटेल.