डॉ. कमला सोहोनी: पावटा, वाल आणि डबल बीमधील प्रथिनांची ओळख करून देणाऱ्या शास्त्रज्ञ

कोल्हापुरात राजारामपुरीच्या कुठल्याही गल्लीतल्या किराणा दुकानात पावटा, वाल, डबल बी आणि सोयाबीन मिळते. सोयाबीन पीठ थेट ग्राहकाला विकणाऱ्या बचत गटाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: सोयाबीन खाल्ल्याने कर्करोग टळतो का? या प्रश्नामागे कडधान्यातले एक खास प्रथिन आहे. त्यावर आपल्याकडे सुरुवातीचे महत्त्वाचे काम एका मराठी महिलेने केले. त्यांची ओळख करून घेतली, तर ग्राहकाला खरे उत्तर देणे तुम्हाला सोपे जाईल.

शिक्षणासाठी झगडा

कमला भागवत यांचा जन्म 18 जून 1911 रोजी इंदूरला झाला. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून ठरवू, अशा अटींवर प्रवेश मिळाला. तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय पिकांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हा घटक असतो, हे त्यांनी दाखवले. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काम केल्यावर, 1947 मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

पावट्यातले प्रथिन

कच्चे कडधान्य पोटाला बाधते, हे आपल्या घरातल्या जुन्या बायकांना ठाऊक होते. त्याचे एक कारण म्हणजे ट्रिप्सिन अवरोधक. ट्रिप्सिन हा आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारा रस. कडधान्यातील हे प्रथिन त्यालाच अडवते. वनस्पतीच्या दृष्टीने तो बियाण्याचा बचाव आहे, कारण दाणा खाणाऱ्या अळीचे पचनही त्यामुळे बिघडू शकते.

डॉ. सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाज्या व डाळींमध्ये हे अवरोधक शोधले. 1955 साली पावटा-वाल वर्गातील दाण्यांतून आणि डबल बीतून ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केल्याचे त्यांचे काम 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांचे निधन 1998 साली झाले.

कर्करोगाशी संबंध कसा आला?

डॉ. सोहोनींनी कर्करोगावर काम केले नाही. हा धागा अमेरिकेत पुढे गेला. तिथे 1980 च्या सुमारास क्ष-किरण दिलेल्या मादी उंदरांना कच्च्या सोयाबीनचा आहार दिला, तेव्हा त्यांच्यात स्तनाच्या गाठी कमी झाल्या. नंतर सोयाबीनमधील बोमन-बर्क नावाच्या अवरोधकाने रसायन टोचलेल्या उंदरांत आतड्याच्या गाठी घटल्याचे दिसले. याच प्रथिनाचा हॅमस्टरच्या तोंडातील गाठींवरही परिणाम आढळला.

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कच्चे सोयाबीन पीठ दीर्घकाळ खाल्लेल्या उंदरांचे स्वादुपिंड सुजले आणि त्यात गाठी झाल्या. म्हणजे एका अवयवात फायदा, तर दुसऱ्यात तोटा. माणसांवरही चाचणी झाली. तोंडात पांढरे चट्टे असलेल्या रुग्णांना बोमन-बर्क अवरोधक देऊन पाहिले. 2013 साली आलेल्या निष्कर्षात औषध घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

तुम्ही काय करावे?

- सोयाबीन कच्चे दळून विकू नका. आधी भिजवून, उकळून, वाळवून मग दळा. उष्णतेने बराचसा अवरोधक निकामी होतो आणि प्रथिने नीट पचतात.
- पावटा, वाल, डबल बी रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात पूर्ण शिजवा.
- कोंबड्यांना कच्चे सोयाबीन देऊ नका, वाढ खुंटते. कारखान्यातील पेंड वाफेने शेकलेली असते, ती चालते.
- गाई-म्हशींच्या खुराकात युरिया असेल तर कच्चे सोयाबीन मिसळू नका. त्यातील युरिएजमुळे युरियाचा झपाट्याने अमोनिया होतो आणि विषबाधेचा धोका असतो.
- पाकिटावर कर्करोगाचा दावा छापू नका. प्रथिनांनी समृद्ध आहार एवढेच लिहा, ते खरेही आहे आणि पुरेसेही.

कृषी सहायकांना एक विनंती. गावात कुणाच्या घरी कर्करोगाचा रुग्ण असेल आणि सोयाबीनवर भरवसा ठेवून उपचार थांबवायचे म्हणत असेल, तर उंदरांचे प्रयोग आणि माणसावरचा उपचार यातला फरक त्याला समजावून सांगा. तोंडात बरा न होणारा चट्टा, गाठ किंवा रक्तस्राव दिसला, तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. आजार लवकर कळला तर उपचाराला यश मिळण्याची शक्यता जास्त असते. शिजवलेले कडधान्य ताटात राहू द्या, पण ते उपचाराच्या जोडीला असावे, उपचाराच्या जागी नव्हे.