दादासाहेब फाळके : लंकादहन पडद्यावर आणणारा माणूस



हनुमानाने लंका कशी जाळली, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही. आजीने सांगितलेलं असतं, गणपतीच्या देखाव्यात पाहिलेलं असतं, टीव्हीवर तर कितीतरी वेळा पाहिलेलं असतं. पण समजा, तुमच्या हातात एक कॅमेरा दिला. संगणक नाही, रंग नाही, आवाजसुद्धा नाही. आणि सांगितलं, की आता लंकादहन करून दाखवा! काय कराल?

१९१७ साली एका मराठी माणसाने हे खरोखर करून दाखवलं. त्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके. आज त्यांची ओळख करून घेऊया. त्यांच्या जीवनावर निबंध लिहिताना बहुतेक मुलं 'राजा हरिश्चंद्र' या एकाच चित्रपटावर थांबतात. आपण त्यापुढे जाऊया.

बालपण आणि शिक्षण

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. त्यामुळे रामायण, महाभारत आणि पुराणातल्या गोष्टी घरातच कानावर पडत. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं.

दादासाहेबांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, सगळं शिकले. गोध्रा येथे फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. त्यांनी पुरातत्त्व खात्यात काम केलं, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं. एवढंच नाही, तर जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेलं नाव होतं प्रोफेसर केळफा. आता 'फाळके' हे नाव उलटं वाचून बघा. गंमत कळली ना?

या सगळ्या कला त्यांना पुढे एकाच ठिकाणी उपयोगी पडणार होत्या.

एक चित्रपट पाहिला आणि...

१९११ साली मुंबईत गिरगावातल्या एका तंबूच्या चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूची कथा चालू होती आणि त्यांच्या मनात मात्र राम आणि कृष्ण फिरू लागले. आपल्या कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांना गप्प बसू देईना.

याच काळात युरोपात काय चाललं होतं बघा. त्याच १९११ साली इटलीत जोव्हान्नी पास्त्रोने यांनी ट्रॉय नगरीच्या पाडावावर चित्रपट काढला होता. ट्रॉयचं युद्ध म्हणजे प्राचीन ग्रीकांची मोठी युद्धकथा, होमर या कवीच्या 'इलियड' महाकाव्यातली. म्हणजे जगात दोन टोकांना माणसं एकच विचार करत होती, की आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेलं युद्ध आता डोळ्यांनी बघूया.

फरक एवढाच, की तिकडे स्टुडिओ, कारागीर आणि पैसा होता. इकडे फाळके एकटे. रोज चित्रपट बघून आणि रात्र रात्र अभ्यास करून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली ते लंडनला गेले, तंत्र शिकले आणि कॅमेरा विकत घेऊन परत आले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण केलं. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत दिसली!

आपल्याच रेल्वे लाइनवर

मित्रांनो, ही गोष्ट कुठेतरी लांब घडली असं समजू नका. आपल्या मीरा रोड किंवा भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडा. दादर लागेल. तिथे पूर्वेला दादासाहेब फाळके रोड आहे. त्याच भागात राहून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' तयार केला. पुढे ग्रँट रोड. तिथल्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले आणि तारामती झाले. कारण त्या वेळी चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार नव्हत्या. त्याच्या अलीकडे-पलीकडेच गिरगाव. तिथल्या कोरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवला गेला. तो पहिला पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट मानला जातो.

आणि सरस्वतीबाईंना विसरू नका. दादासाहेबांच्या या पत्नीने आपले दागिने दिले. कलाकार आणि कामगार मिळून रोज साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांच्या तोंडावर उजेड पाडला. निबंधात त्यांच्यावर एक परिच्छेद तरी लिहाच.

लंकादहन

आता मूळ मुद्दा. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. परदेशातून येणारी फिल्म मिळेनाशी झाली. फाळके कर्जात बुडाले. तोपर्यंत त्यांचा मुक्काम नाशिकला हलला होता. कंपनी टिकवायची तर एक चित्रपट चालायलाच हवा होता.

अशा वेळी त्यांनी काय केलं? संपूर्ण रामायण दाखवायचा हट्ट धरला नाही. त्यातला एकच भाग निवडला : सीतेचा शोध, हनुमानाची लंकेकडे झेप आणि पेटलेली लंका. विचार करा, हे किती शहाणपणाचं होतं. होमरनेही तेच केलं होतं. ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं असं कथा सांगते, पण 'इलियड'मध्ये त्यातले शेवटच्या वर्षातले काही आठवडेच आहेत. मोठी कथा छोट्या जागेत बसवायची, तर तिचा एक जिवंत तुकडा उचलावा लागतो.

दुसरी अडचण विश्वासाची होती. राम कसा दिसतो, हनुमान कसा उडतो, हे प्रत्येक प्रेक्षकाने मनात आधीच ठरवलेलं. जरा चुकलं की लोक हसणार. इथे जादूगार केळफा कामाला आला. कॅमेरा मध्येच थांबवायचा, माणूस हलवायचा आणि पुन्हा कॅमेरा सुरू करायचा, की माणूस गायब! एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केलं, की एका दृश्यावर दुसरं दृश्य उमटतं. अशा युक्त्यांनी हनुमान आकाशात उडाला. अण्णा साळुंक्यांनी तर या चित्रपटात राम आणि सीता या दोघांच्याही भूमिका केल्या.

पुढे काय झालं? पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या चपला काढून ठेवत, असं सांगतात. मद्रासला जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असंही सांगतात. फाळके पुन्हा उभे राहिले.

इथे एक तुलना लक्षात ठेवा. २००४ साली आलेल्या 'ट्रॉय' या हॉलिवूडच्या चित्रपटात ग्रीक देव जवळजवळ काढूनच टाकले आहेत आणि दहा वर्षांचं युद्ध थोड्या दिवसांत उरकलं आहे. फाळक्यांनी उलट केलं. चमत्कार गाळला नाही, कारण समोर बसलेल्या माणसासाठी तोच कथेचा प्राण होता. दोन्ही रूपांतरंच, पण प्रेक्षक वेगळा, म्हणून निवड वेगळी.

पुढचा प्रवास

१९१८ साली भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्यांच्या वाटेने इतरही चालू लागले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली महाभारतातल्या कीचकवधावर 'सैरंध्री' काढला.

१९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपले. फाळक्यांनी रामाच्या सेतूवर 'सेतुबंधन' हा मूकपट काढला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकच बोलपट. नवा काळ त्यांच्या हातून निसटला. शेवटची वर्षं त्यांनी नाशिकला काढली, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचं निधन झालं. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. गोरेगावच्या चित्रनगरीलाही त्यांचंच नाव आहे.

'लंकादहन'ची आज काही मिनिटंच शिल्लक आहेत. बाकीचा चित्रपट हरवला. रामायण मात्र हरवलं नाही, कारण ते एकाच रिळावर अवलंबून नव्हतं. म्हणून मुलांनो, पडद्यावरचं रामायण-महाभारत आवडीने बघा, पण तीच खरी आणि पूर्ण कथा असं समजू नका. ते कोणीतरी निवडून दाखवलेलं असतं. मूळ गोष्ट वाचा, घरातल्या मोठ्यांकडून ऐका, मग दिग्दर्शकाने काय ठेवलं आणि काय गाळलं ते शोधा. बघताना दुप्पट मजा येईल.

स्वाध्याय

१) फाळक्यांनी आधी शिकलेल्या कोणत्या कला त्यांना चित्रपटासाठी उपयोगी पडल्या?
२) संपूर्ण रामायणाऐवजी एकच प्रसंग निवडण्याचा काय फायदा झाला असेल?
३) सरस्वतीबाईंच्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.
४) उपक्रम : महाभारतातला एक प्रसंग निवडा. आवाज न वापरता तो सहा चित्रांत दाखवा. मग कथा माहीत नसलेल्या मित्राला ती चित्रं दाखवा आणि त्याला किती कळलं ते वहीत लिहा.