वाटाघाटीचे मेज आणि बाबासाहेब

महू, सातारा, कोलंबिया, महाड, नागपूर हे बाबासाहेबांच्या जीवनाचे टप्पे आपल्या वसतिगृहातील लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. परंतु जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, ती चार वर्षे बहुधा एका वाक्यात उरकली जातात. त्या वाक्याचा आम्ही येथे थोडा विस्तार करीत आहोत.

परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या बाबासाहेबांना गिरणगाव पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही. विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तेथे मज्जाव होता, आणि तो मालकापेक्षा सहकाऱ्यांनीच अधिक कसोशीने पाळला. त्यामुळे कामगारांच्या ऐक्याची भाषा ऐकताना बाबासाहेब प्रथम त्या खात्याच्या दाराकडे बोट दाखवीत. आपसांतच विश्वास नसलेल्यांनी मालकासमोर एकजुटीने बसायचे तरी कसे?

१९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात आधी समेटाची बोलणी सक्तीची होती आणि त्यापूर्वीचा संप गुन्हा ठरणार होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी या नात्याने बाबासाहेबांनी विधिमंडळात त्यास कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संपही झाला. आणि चारच वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, दिल्लीत सरकार, मालक व कामगार यांच्या संयुक्त परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले! तिच्यातून त्रिपक्षीय परिषद आणि स्थायी समिती ही कायमची यंत्रणा उभी राहिली.

काहींना यात विसंगती दिसते. आम्हांस दिसत नाही. पहिल्या प्रसंगी कामगाराच्या हातचे एकमेव बळ काढून घेऊन त्याला बोलणी करावयास लावले जात होते. दुसऱ्या प्रसंगी त्याचे प्रतिनिधी मालकांच्या बरोबरीने बसले. विरोध बोलण्यांना नव्हता, सक्तीला होता.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. पुढच्याच महिन्यात खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. याच काळात, युद्धातील कोळसाटंचाईमुळे, स्त्रियांना भूगर्भात कामास लावण्यावरील बंदी सरकारने उठविली होती. त्या निर्णयाचे समर्थन बाबासाहेबांना विधिमंडळात करावे लागले. ते आम्हांस आजही पटत नाही. परंतु ही नोंद गाळून चरित्र लिहिणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही.

मालकाने आपल्या मर्जीने संघटनेस ओळखावे वा नाकारावे, तोवर बोलण्यांत बरोबरी येत नाही, हे ओळखून १९४३ मध्येच त्यांनी कामगार संघटनांना सक्तीची मान्यता देणारे दुरुस्ती विधेयक मांडले. ते रेंगाळले. त्यांनी मजूर खाते सोडल्यानंतर, १९४७ मध्ये, त्या स्वरूपाचा कायदा संमत झाला. मात्र तो कधीही अमलात आणला गेला नाही.