पावसाचा हिशेब मांडणारा परदेशी

चंदगड तालुक्यात पडणाऱ्या पावसाला दोन समुद्र आहेत. घाटमाथ्याच्या पश्चिम अंगाचे पाणी तिलारीतून दोडामार्गाकडे उतरते आणि गोव्यात शापोऱ्याच्या मुखाशी अरबी समुद्राला मिळते. पूर्व अंगाचे पाणी ताम्रपर्णीत, तिथून घटप्रभेत, घटप्रभेतून कृष्णेत शिरते आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच सरीतल्या दोन थेंबांची अशी कायमची ताटातूट होते, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्या थेंबांबरोबर आकाशातून आणखी काय खाली येते, हे मात्र मला बँकेतून निवृत्त झाल्यावर, वाचायला सवड मिळाली तेव्हा कळले. आणि ते शोधणाऱ्यांतल्या एकाची हकीकत हाती लागली, तेव्हा विज्ञान बाजूला ठेवून मी त्या माणसाच्याच मागे लागलो. कादंबरीकाराची ही खोडच असते.

त्यांचे नाव बर्नार्ड पीटर्स. जन्म १९१० चा, पोझेन गावचा. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. घराणे ज्यू. म्युनिकला शिकत असताना हिटलरची राजवट आली. तिच्या विरोधात वावरणाऱ्या विद्यार्थ्यांत ते होते, म्हणून १९३३ साली त्यांची रवानगी डाखाऊच्या छळछावणीत झाली. तिथून ते जिवंत बाहेर पडले, आल्प्स ओलांडून इटलीत गेले आणि पुढे अमेरिकेला पोचले. पत्नी हॅना डॉक्टर होती. पीटर्स यांच्याकडे पदवीचा कागद नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत त्यांनी माल चढवण्या-उतरवण्याचे काम केले. पण जवळच बर्कलेला रॉबर्ट ओपनहायमर शिकवत होते. गोदीत काम करणाऱ्या या माणसाची पदार्थविज्ञानाची समज त्यांनी ओळखली आणि त्याला विद्यापीठाचे दार उघडून दिले. १९४२ साली पीटर्स डॉक्टरेट झाले. कादंबरीत मी असले काही लिहिले असते, तर संपादकांनी योगायोग फार झाले म्हणून हस्तलिखित परत पाठवले असते.

महायुद्धानंतर ते रॉचेस्टर विद्यापीठात गेले. अंतराळातून पृथ्वीवर सतत आदळणारे विश्वकिरण हा त्यांचा विषय. १९४८ साली रॉचेस्टर आणि मिनेसोटा इथल्या दोन गटांनी मिळून दाखवून दिले, की या किरणांत हायड्रोजनची हलकी केंद्रकेच काय, भारी मूलद्रव्यांची केंद्रकेही असतात. मिनेसोटाच्या गटात ओपनहायमर यांचे धाकटे बंधू फ्रँक होते. म्हणजे एका भावाने विद्यापीठात आणले आणि दुसऱ्या भावाबरोबर शोधनिबंधावर नाव आले.

आणि पुढच्याच वर्षी त्या थोरल्या भावाच्या तोंडून घात झाला. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांची शोधाशोध चालू होती. १९४९ च्या जूनमध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे, बंद दाराआड, ओपनहायमर यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याचे वर्णन घातक डाव्या विचाराचा माणूस अशा अर्थाने केले. बंद दाराआडचे ते बोलणे रॉचेस्टरच्या वर्तमानपत्रात छापून आले. शास्त्रज्ञ मंडळी खवळली, ओपनहायमर यांनी रॉचेस्टरच्याच एका वर्तमानपत्राला पत्र लिहून बरीच माघार घेतली, पण छापून गेलेली ओळ पुसता येत नाही. विद्यापीठाने पीटर्स यांना काढले नाही, हे त्या विद्यापीठाच्या नावे मी आवर्जून जमा करतो. तरी पासपोर्टासाठी त्यांना झगडावे लागले आणि अमेरिकेत पुढे काय वाढून ठेवले आहे, हे दिसू लागले. ओपनहायमर यांच्यावरचा चित्रपट २०२३ साली आपल्याकडेही लोकांनी गर्दी करून पाहिला. पाच वर्षांनी स्वतः ओपनहायमर चौकशीला बसले, तेव्हा त्यांची कीव करताना मला पीटर्स आठवतात आणि कीव थोडी कमी पडते.

त्यांना मुंबईने घेतले. डॉ. होमी भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक, आणि त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत भरत असे. १९५१ साली पीटर्स तिथे प्राध्यापक झाले. विषुववृत्ताजवळच्या देशात या किरणांचा अभ्यास करण्यात एक सोय असते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या किरणांना इथे अडवून धरते, त्यामुळे जबर ऊर्जेचे तेवढे वेगळे पारखता येतात. फुग्यांबरोबर छायाचित्रणाच्या खास काचा आकाशात सोडायच्या आणि परत आल्यावर त्यांवरच्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली वाचायच्या, असे ते काम. ते करणाऱ्या तरुणांत काशीहून आलेले देवेंद्र लाल होते आणि यश पालही होते. यश पाल पुढे दूरदर्शनवर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना घराघरांत ओळखीचे झाले.

इथे पीटर्स यांची नजर आकाशातून खाली जमिनीकडे वळली. विश्वकिरण हवेतल्या नायट्रोजनच्या आणि ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, तेव्हा त्यांचे तुकडे होतात. काही तुकडे बेरिलियमचे, आणि त्यातले काही किरणोत्सारी. ते हवेतल्या धूलिकणांना चिकटतात, पावसाबरोबर खाली येतात आणि अखेर समुद्राच्या तळाच्या गाळात जमा होतात. बेरिलियम-७ चे आयुष्य अल्प, त्रेपन्न दिवसांत निम्मे उरते. बेरिलियम-१० मात्र जवळजवळ चौदा लाख वर्षांनी निम्मे होते. त्या काळी हा आकडा पंचवीस लाखांच्या आसपास समजत. बँकेत यंत्रसामग्रीवर घसारा लावतात, तसाच हा प्रकार. दरसाल उरलेल्या किमतीचा ठराविक हिस्सा वजा होतो. मूळ किंमत आणि आजची शिल्लक कळली, की यंत्र किती जुने ते सांगता येते. समुद्रतळाचा गाळ याच रीतीने वाचता येईल, असे पीटर्स यांनी १९५५ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मांडले. अमेरिकेत जेम्स आर्नल्ड याच वाटेने स्वतंत्रपणे चालले होते. श्रेय दोघांचे.

मांडणे वेगळे आणि मोजणे वेगळे. पावसाचे पाणी गोळा करायचे, त्यात साधे बेरिलियम ठराविक मापाने मिसळायचे, मग रसायने घालून सगळे बेरिलियम साक्याच्या रूपात खाली बसवायचे, आणि तो चिमूटभर साका शिशाच्या आडोशात ठेवलेल्या मोजणीयंत्रासमोर धरून एकेक टिकटिक मोजत बसायचे. मुंबईचा मुसळधार पाऊस लोकल गाड्यांना शाप असेल, या मंडळींना तो कच्चा माल होता. बेरिलियम सापडले, मग अवघ्या चौदा-पंचवीस दिवसांत निम्मा होणारा फॉस्फरसही सापडला. १९५७ साली गोयल, खारकर, लाल, नरसप्पया, पीटर्स आणि यतिराजम या सहा जणांच्या नावाने खोल समुद्राच्या गाळातल्या बेरिलियम-१० चा निबंध प्रसिद्ध झाला. मोजणी अशी जिकिरीची, की गाळ भरपूर लागे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्वरकयंत्रावर अणू थेट मोजण्याची युक्ती निघाली, तेव्हा कुठे थोडक्या ग्रॅमांवर भागू लागले.

हिमयुगातला समुद्र हा पीटर्स यांचा विषय नव्हता. पण आज तो विषय ज्यांचा आहे, ते त्यांच्याच खतावणीची पाने उलटतात. सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. इतके पाणी बर्फात अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि कोकणची किनारपट्टी कितीतरी पश्चिमेला सरकली होती. आपला मोसमी पाऊसही तेव्हा दुबळा होता. अरबी समुद्राच्या गाळात त्याची नोंद आहे. खरा प्रश्न खोल पाण्याचा. आज उत्तर अटलांटिकमध्ये गार, खारट पाणी तळाशी बुडते आणि शेकडो वर्षे जगभर फिरत राहते. हिमयुगात हे चक्र मंद होते की उथळ?

याचा माग काढायला विश्वकिरणांतूनच जन्मलेला कार्बन-१४ कामी येतो. पाणी पृष्ठभागावर असेपर्यंत हवेतून नवी भर पडते. बुडाले की खाते गोठले, उरतो फक्त घसारा. गाळाच्या एकाच थरात वर तरंगणाऱ्या आणि तळाशी राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचे कवच सापडते. दोन्हींतल्या कार्बनचा फरक म्हणजे त्या काळच्या खोल पाण्याचे वय. बऱ्याच ठिकाणी ते आजच्यापेक्षा शेकडो वर्षांनी अधिक निघते. तेव्हाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे १९० भाग होता; कारखानदारीच्या आधी तो २८० होता. मधला फरक मुख्यतः खोल समुद्रात मुदत ठेवीसारखा पडून होता, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. ठेव कशी आणि किती वेगाने मोडली गेली, हे कळणे आपल्या पिढीला अगत्याचे आहे, कारण आपणही त्याच समुद्राच्या खात्यात रोज भरणा करतो आहोत.

संगणकावरची प्रतिमाने इथे ताळा जमवायला येतात. समुद्राचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकात तापमान, क्षार आणि हे माग देणारे पदार्थ घालायचे, प्रवाहांना हजारो वर्षे चालू द्यायचे आणि आलेले आकडे गाळाशी पडताळायचे. पंचाईत अशी, की दोन निराळ्या प्रवाहांतून जवळजवळ सारखेच आकडे निघू शकतात. म्हणून कार्बन, निओडिमियम, थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम असे अनेक साक्षीदार तपासतात. बेरिलियम-१० ची मदत आणखी वेगळी. सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमालीचे दुबळे पडले, विश्वकिरण वाढले आणि बेरिलियमची आवकही वाढली. ती वाढ ध्रुवाच्या बर्फातही आहे आणि समुद्राच्या गाळातही. दोन पासबुकांत एकच मोठी नोंद सापडली, की बाकीच्या तारखा जुळवता येतात.

पीटर्स १९५९ साली कोपनहेगनला गेले आणि पुढे डेन्मार्कच्या अंतराळ संशोधन संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. हॅना यांनीही संशोधनात स्वतंत्र नाव कमावले. मुंबईशी धागा तुटला नाही. विश्वकिरणांमुळे पृथ्वीवर कोणता किरणोत्सारी पदार्थ कुठे, किती तयार होतो, याचा सविस्तर आढावा लाल आणि पीटर्स यांनी १९६७ साली जोडीने लिहिला. आमच्या भाषेत सांगायचे तर ती आरंभीची शिल्लक. भारत सरकारने १९८५ साली पीटर्स यांना पद्मभूषण दिले. १९९३ मध्ये ते वारले. देवेंद्र लाल अहमदाबाद आणि सॅन दिएगो अशा दोन ठिकाणी काम करत राहिले आणि २०१२ मध्ये गेले. त्या १९६७ च्या आढाव्याचा उल्लेख शोधनिबंधांत अजून लाल-पीटर्स असाच, एका दमात होतो.