सलीम अलींचा नेम

सलीम अली हे नाव ऐकलं नाही असा पार्टनर आपल्या होस्टेलवर शोधून सापडणार नाही. जीकेच्या गाईडमध्ये ‘प्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ’ म्हणून ते एका ओळीत भेटतात आणि एक मार्क देऊन जातात. ज्यांना थोडं जास्त माहीत असतं ते एक गोष्ट सांगतात. लहानपणी एअरगनने चिमणी मारली, मग वाईट वाटलं, बंदूक टाकली आणि हातात दुर्बीण घेतली. थोडक्यात वाल्याचा वाल्मीकी झाला. गोष्ट छान आहे, गॅदरिंगला नाटुकलं बसेल. फक्त ती खरी नाही. या माणसाने बंदूक टाकली नाही. अभ्यासासाठी त्यांनी आयुष्यात हजारो पक्षी मारले आणि ते कधी लपवलंही नाही. कुठल्या कामाला बंदूक, कुठल्या कामाला दुर्बीण आणि कुठे दोन्ही निरुपयोगी, हे ते कसं ठरवत गेले, ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. भावंडांत हे सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भाच्यांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका, शिकारीच्या गप्पा, त्यामुळे सलीमच्या हातात लवकरच एक खेळण्यातली एअरगन आली. साधारण १९०८ साली त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. आता गंमत बघा, पोराला पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता. त्याला प्रश्न पडला होता तो ही खायला चालेल का नाही, हा! धर्माने चालणारी चिमणी ती हीच का दुसरी कुठली? मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

ही सोसायटी तेव्हा फिप्सन कंपनीच्या जागेत नांदत होती आणि फिप्सन कंपनीचा धंदा दारू विकण्याचा. अशा ठिकाणी कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन गेलेल्या त्या पोराला मिलार्डसाहेबांनी हाकलून दिलं नाही. ही पीतकंठी चिमणी असं सांगितलं आणि मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पुढे पक्ष्याची कातडी कशी सोलायची, कशी टिकवायची, चिठ्ठीवर काय काय लिहायचं हे तो तिथेच शिकला. पूर्ण वेळ काढून एका शाळकरी पोराशी बोलणारा ऑफिसातला माणूस! आजही दुर्मीळच.

पुढचं शिक्षण मात्र आपल्यातल्या केटीवाल्यांना दिलासा देणारं आहे. १९१३ साली मॅट्रिक कसंबसं पार पडलं. सेंट झेवियर्स कॉलेजचं पहिलं वर्ष जड गेलं आणि स्वारी ब्रह्मदेशात तव्हॉयला निघून गेली. तिथे घरच्यांचा वुल्फ्रॅमच्या खाणींचा आणि लाकडाचा धंदा होता. धंदा बघायचा सोडून हे जंगलात पक्षी बघत फिरायचे. धंद्याचं व्हायचं तेच झालं. तिथेच त्यांना पहिली मोटारसायकल मिळाली, साडेतीन हॉर्सपॉवरची एनएसयू. मेकॅनिकलवाल्यांनी इथे कान टवकारावेत, कारण पुढे सनबीम, हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट अशी मोठी यादी आहे. बीएमडब्ल्यू कधी घेता आली नाही याची हळहळ त्यांना म्हातारपणीही होती. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला इथे पक्षीशास्त्राची जागतिक परिषद होती. हे आपली सनबीम बोटीवर चढवून युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावरूनच परिषदेला पोचले. हा गृहस्थ हिंदुस्थानातून गाडी चालवतच आला, अशी अफवा तिथे पसरली होती.

१९१७ ला मुंबईत परत. दिवसा अकाउंट्स आणि व्यापारी कायद्याचा कोर्स, शिवाय झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्र. १९१८ मध्ये तेहमीनाशी लग्न झालं. डिग्री मात्र शेवटपर्यंत नाही, आणि त्यामुळे सरकारी झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षीतज्ज्ञाची नोकरी हुकली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड-लेक्चररची जागा मिळाली. तिथून रजा काढून बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. परत येतात तो पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली! तेव्हा नवराबायको अलिबागजवळ किहीमला तेहमीनाच्या माहेरच्या घरात राहायला गेले.

आणि तिथे, नोकरी नसताना, १९३० च्या पावसाळ्यात त्यांच्या हातून पहिलं मोठं काम झालं. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सुगरणीचा खोपा आपल्याला शाळेपासून माहीत, पण तो विणतो नर. सलीम अली रोज तासन्‌ तास बसून बघत राहिले. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर त्यात राहायला येते. मग नर तो पुरा करून देतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे कुणी नीट नोंदवलं नव्हतं. इथे बंदुकीचा काय उपयोग? मेलेला पक्षी खोपा विणत नाही.

पण लगेच पुढच्या वर्षी हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी सुरू झाली आणि हातात बंदूक आली. सोसायटीकडे पैसे नव्हते. खर्च द्या, पगार नको, असं सांगून त्यांनी ते काम मिळवलं होतं. मग त्रावणकोर-कोचीन आणि अशाच पाहण्या वर्षानुवर्षं चालल्या. बैलगाडी, तंबू, बरोबर तेहमीना. हैदराबादचा पक्षी आणि मलबारचा पक्षी दिसायला सारखे, पण एकाचा पंख चार मिलिमीटरने आखूड. हे झाडाखाली उभं राहून कळत नाही, पक्षी हातात घेऊन पट्टीने मोजावा लागतो. पोटात काय होतं, विणीचा काळ होता का, हेही तसंच. त्यासाठी लागते ती छर्ऱ्याची बंदूक, आणि काडतूसही पक्षी बघून निवडायचं. बारक्या पक्ष्याला मोहरीहूनही बारीक छर्रे आणि दारू कमी, कारण कातडी फाटली तर जीवही गेला आणि अभ्यासही.

आता थोडं ऑप्टिक्स. छर्ऱ्याच्या बंदुकीला दुर्बीण लावत नाहीत. अंतर तीस-चाळीस यार्डांचं, छर्रे पसरतात, आणि उडत्या पक्ष्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवून बंदूक फिरवावी लागते. दुर्बीण लागते ती एकच गोळी लांब टाकणाऱ्या रायफलला. तिथली अट वेगळी. रायफल मागे धक्का देते, म्हणून भिंग डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटर लांब असूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, नाहीतर भुवई फुटलीच समजा. शिवाय आतली फुली एकदा बसवली की शेकडो धक्क्यांनंतरही जागची हलता कामा नये. याला झिरो टिकणं म्हणतात. स्वस्त स्कोप नेमका इथे मार खातो. चित्र चकचकीत, आकडा मोठा, पण दहा गोळ्यांनंतर फुली एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. म्हणून जुने शिकारी बारा पटीच्या झगमगाटापेक्षा साध्या चार पटीच्या, न सरकणाऱ्या स्कोपवर विश्वास ठेवायचे. ४×३२ घेतला तर ३२ भागिले ४, म्हणजे ८ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, म्हणजे संधिप्रकाशातही बाहुली पूर्ण भरते.

पक्ष्यांसाठी दुर्बीण घेतानाही हाच भागाकार करा. ८×४० म्हणजे ५ मिलिमीटर, उत्तम. फुटपाथवर मिळणारी कुठली तरी ३०×३० म्हणजे १ मिलिमीटर, वर हाताची थरथर तीसपट. झेड ब्रिजवर उभं राहून ती नदीवर रोखली तर आपल्या नारायण पेठेच्या काठावरचा ढोकरी बगळा भूकंपात सापडल्यासारखा दिसेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, तेव्हा ही निवड आता दुर्बिणीपुरतीच उरली आहे.

त्या काळात हौसेची शिकार काय थराला गेली होती, त्याची एक तारीख आहे. १२ नोव्हेंबर १९३८, सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो आणि पाहुणे मंडळींनी ४,२७३ पक्षी पाडले. एका दिवसात. त्यांतल्या कशावरही तारीख-ठिकाणाची चिठ्ठी लागली नसणार. सलीम अलींवर पक्षी मारण्याबद्दल टीका व्हायची, पण मला तरी हे दोन हिशोब एका वहीत मांडता येत नाहीत. स्वातंत्र्यानंतर त्याच तळ्याची शेतजमीन करावी असा रेटा सुरू झाला तेव्हा त्यांनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवलं. पुढे तिथे पक्षी पकडून, पायात कडी अडकवून सोडून देण्याचं मोठं काम झालं. सैबेरियापर्यंतचे प्रवास कळले ते त्या कड्यांवरून, छर्ऱ्यांवरून नव्हे.

१९३९ साली एका साध्या ऑपरेशननंतर तेहमीना गेल्या. त्यांनी परत लग्न केलं नाही. १९४१ साली ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं आणि सामान्य माणसाला पक्षी न मारता ओळखता यायला लागला. मग अमेरिकन डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ, १९६८ ते १९७४. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. त्याच वर्षी पन्नास हजार डॉलर्सचं गेटी पारितोषिक मिळालं, ते त्यांनी निसर्ग रक्षणाच्या कामासाठी सोसायटीकडे दिलं.

एका ठिकाणी मात्र त्यांचा नेम चुकला असं मला वाटतं. भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाल्यावर आतली गुरांची चराई बंद करावी, या बाजूने ते होते. १९८२ साली बंदी आली, गावकरी चिडले आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकऱ्यांचा जीव गेला. पुढे त्यांच्याच सोसायटीने अनेक वर्षं अभ्यास केला तेव्हा दिसलं की म्हशी पाण्यातलं गवत खात होत्या म्हणून तळं मोकळं राहत होतं. म्हशी गेल्या, गवत माजलं, पाणपक्ष्यांची अडचण झाली. अभ्यास आधी आणि बंदी नंतर झाली असती, तर? खरं तर आयुष्यभर त्यांनी स्वतः तसंच केलं होतं, आधी वर्षभर बघायचं, मग बोलायचं. हा अभ्यास पुरा व्हायच्या आत, २० जून १९८७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

एक पक्षी मात्र त्यांना मिळालाच नाही, तो आपल्या खानदेशातला. रानपिंगळा. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून त्याचे जेमतेम सात नमुने, पैकी बरेच खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने गोळा केलेले. १८८४ नंतर पक्षी गायब. अपवाद एकच, कर्नल माइनर्ट्झहागेन याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला मारलेला. हा कर्नल सलीम अलींच्या ओळखीचा. १९३७ साली दोघे अफगाणिस्तानात बरोबर हिंडले होते आणि कर्नलने डायरीत सलीम अलींबद्दल बरंच खवचट लिहून ठेवलं होतं. सलीम अलींनी ते हसत हसत स्वतःच्या आत्मचरित्रात छापलं! पुढे ते आणि रिप्ले या पिंगळ्याच्या शोधात निघाले तेव्हा शेवटची नोंद म्हणून त्या मांडवीच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवणं भाग होतं. पिंगळा सापडला नाही.

सापडणार कसा? ती चिठ्ठीच खोटी होती. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना एक्स-रे वगैरे लावून तपासला. कर्नलने डेव्हिडसनचाच जुना पक्षी ब्रिटिश म्युझियममधून उचलला होता, कातडी नव्याने भरली होती आणि वर आपली चिठ्ठी बांधली होती. बंदूक चांगली, भिंगं चांगली, आणि फुली जागेवरून सरकवलेली. मग त्यांनी मांडवीचा नाद सोडला, डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं काढली आणि दोन सोबती घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याला आल्या. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, आता नंदुरबार. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी, भर उजेडात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनंतर. त्यांनी त्याचे फोटो घेतले, व्हिडिओ काढला आणि तो उडून गेला.