नटसम्राट बालगंधर्व

ज्या कविकुलगुरु कालिदासाचे नाव परंपरेने आपल्या उज्जयिनीशी निगडित झाले आहे, त्याच्या शाकुंतलास अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली मराठी संगीत नाटकाचे रूप दिले. पुढे पंचवीस वर्षांनी, १९०५ मध्ये, मिरजेस एका सतरा वर्षांच्या तरुणाने त्यातील शकुंतला साकार केली. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. बालपणी त्याचे गायन ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास ‘बालगंधर्व’ म्हणून गौरविले होते. महाराष्ट्राने तेच नाव कायम केले.

त्या काळी घरंदाज स्त्रियांनी रंगभूमीवर येणे समाजास मान्य नसे. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. खाडिलकरांची भामिनी व रुक्मिणी आणि गडकऱ्यांची सिंधू नारायणरावांनी अशा तन्मयतेने उभ्या केल्या की, त्यांची वेशभूषा व केशरचना कुलीन स्त्रियाही अनुकरू लागल्या.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी कन्या मृत्यू पावली. प्रयोग पुढे ढकलला असता, तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. परंतु जमलेल्या रसिकांस विन्मुख पाठविणे त्यांच्या मनास पटेना. दुःख गिळून ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर आले.

१९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. भरजरी शालू, अस्सल अत्तरे, तबल्यास अहमदजान थिरकवाँ, सारंगीस कादरबक्ष! प्रेक्षकांस उत्तम तेच द्यावे, हा एकच ध्यास. हिशेबाकडे मात्र लक्ष नव्हते, आणि मंडळीवर कर्जाचा डोंगर उभा राहिला. असे असूनही ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ, केशवराव भोसल्यांसह त्यांनी ‘संयुक्त मानापमान’चा अविस्मरणीय प्रयोग केला. पुढे वर्षानुवर्षे अखंड प्रयोग करून त्यांनी ते कर्ज फेडले.

बोलपटांच्या आगमनाने नाटकगृहे ओस पडू लागली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली नारायणरावांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु समोर रसिक नाहीत, दाद नाही, ‘वन्स मोअर’ नाही, हे त्यांच्या वृत्तीस मानवले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. उतारवयात पायांची शक्ती गेली, विपन्नावस्था आली. तरी गायन सुटले नाही. १९६४ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले.

१९६२ मध्ये पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले. परंतु १९६८ मध्ये ते खुले होण्यापूर्वीच, १५ जुलै १९६७ रोजी, त्यांनी इहलोक सोडला.

विद्यार्थिमित्रहो, ज्या निष्ठेने त्यांस कीर्तीच्या शिखरावर नेले, तीच हिशेब न ठेवल्यामुळे त्यांस दारिद्र्यातही घेऊन गेली. व्यवहारात आपण त्यांच्याहून सावध असावे. परंतु हाती घेतलेल्या कार्यात काही उणे राहू न देण्याची त्यांची वृत्ती मात्र प्रत्येकाने अंगी बाणवावी.