रूपाबाई फर्दूनजी : भूल देणाऱ्या पहिल्या महिला डॉक्टर
प्रतिनिधी

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून पद्मानगरच्या दिशेने वळले की यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू बोली कानावर पडू लागते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. त्यांपैकी अनेकांची मूळ गावे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील. आजचा मराठवाडाही १९४८ पर्यंत याच संस्थानाचा भाग होता. वैद्यकशास्त्रात ज्यांची नोंद जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून केली जाते, त्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी याच संस्थानच्या राजधानीतल्या. शस्त्रक्रियेला निघालेला रुग्ण शल्यचिकित्सकाचे नाव आवर्जून विचारतो. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच. रूपाबाईंचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसण्यामागेही बहुधा हेच कारण असावे.

शस्त्रक्रिया म्हणजे जिवंतपणीचे मरण, अशीच एके काळी स्थिती होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि ही स्थिती पालटू लागली. पुढच्याच वर्षी एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. ही द्रव्ये काही महिन्यांतच कलकत्त्यात पोहोचली. परंतु जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेवेळी क्लोरोफॉर्म देताच दगावली. वेदना हरण करणारे औषध प्राणही हरण करू शकते, या जाणिवेने वैद्यकविश्व हादरले.

रूपाबाईंचा या क्षेत्रातील प्रवेश याच भीतीच्या छायेत झाला. त्या पारशी कुटुंबातील. १८८५ मध्ये हैदराबाद वैद्यकीय विद्यालयात दाखल झालेल्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी त्या एक होत. धामणकर नाक्यापासून काही किलोमीटरवर असलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी त्या वेळी अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाचजणींच्या धाडसाची कल्पना येते. १८८९ मध्ये रूपाबाईंनी ‘हकीम’ ही पदवी संपादन केली. नाव जुन्या परंपरेतले असले तरी अभ्यासक्रम आधुनिक वैद्यकाचा होता.

विद्यालयाची सूत्रे एडवर्ड लॉरी या ब्रिटिश शल्यचिकित्सकाकडे होती. क्लोरोफॉर्म देताना नाडीवर लक्ष ठेवावे की श्वासावर, हा तेव्हाचा कळीचा वाद. हृदय अचानक बंद पडून मृत्यू ओढवतो, असे लंडनच्या डॉक्टरांचे मत. तर श्वास सांभाळला की रुग्ण सुखरूप राहतो, असा एडिंबरोच्या परंपरेत घडलेल्या लॉरींचा आग्रह. त्यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. त्याच्या निष्कर्षावर लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन लॅन्सेटलाच आपला तज्ज्ञ पाठविण्याचे आवाहन केले. त्यानुसार १८८९ मध्ये डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले आणि दुसऱ्या आयोगाने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. या साऱ्या कामात क्लोरोफॉर्म देण्यात ज्यांचा हात तयार झाला, त्यांत रूपाबाई होत्या.

पदवीनंतर हैदराबादच्या रुग्णालयांतून त्यांनी दीर्घकाळ भूल देण्याचे काम केले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. त्या काळी ना रक्तदाब दाखविणारा पडदा होता, ना प्राणवायूची पातळी सांगणारे यंत्र. कापडावर औषधाचे थेंब टाकायचे आणि छातीची प्रत्येक हालचाल, श्वासाचा प्रत्येक आवाज टिपत राहायचे. थेंब कमी पडले तर रुग्ण वेदनेने तळमळणार, अधिक पडले तर कदाचित पुन्हा जागाच होणार नाही. पडद्याची प्रथा कडक असलेल्या त्या समाजात अनेक स्त्रिया परपुरुषासमोर उपचार घेण्यापेक्षा दुखणे अंगावर काढीत. अशा स्त्रियांच्या उशाशी एक स्त्री डॉक्टर उभी असणे, हा केवढा दिलासा असेल!

भूलशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण तेव्हा उपलब्ध नव्हते. दोन दशकांचा अनुभव गाठीशी असतानाही रूपाबाई १९०९ मध्ये एडिंबरोला गेल्या आणि तेथे त्यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचा अभ्यास केला. वायू आणि द्रव्यांचे गुणधर्म जाणल्याखेरीज भूल देण्याची विद्या पूर्ण होत नाही, ही त्यामागची दृष्टी. मायदेशी परतल्यावर त्यांनी चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षकपदाची धुरा वाहिली. १९२० मध्ये त्या निवृत्त झाल्या.

हैदराबादचा निष्कर्ष मात्र काळाच्या कसोटीवर पूर्णपणे उतरला नाही. क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणजे लंडनकरांची भीती निराधार नव्हती. पुढे क्लोरोफॉर्म मागे पडले. तरीही श्वासावरची नजर क्षणभरही ढळू देऊ नये, हा हैदराबादचा धडा टिकला. १९५२ मध्ये कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांचा श्वास हाताने चालू ठेवण्याची व्यवस्था उभी केली आणि त्यातूनच आजचा अतिदक्षता विभाग आकाराला आला. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची देखभाल, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांचे शमन, कर्करुग्णांच्या असह्य दुखण्यावरील उपचार ही सारी आज भूलतज्ज्ञांची कार्यक्षेत्रे आहेत. करोनाच्या साथीत २०२० व २०२१ मध्ये श्वासनलिकेत नळी घालण्याचे जोखमीचे काम करणाऱ्यांतही तेच आघाडीवर होते.

दरवर्षी १६ ऑक्टोबर हा दिवस जागतिक भूल दिन म्हणून पाळला जातो. शुद्धीवर आलेला रुग्ण शल्यचिकित्सकाचे आभार मानतो. आपण झोपेत असताना आपला श्वास मोजत उशाशी कोण उभे होते, हे बहुतेकांना ठाऊकही नसते. एकदा तरी ते नाव विचारून घ्यावे. रूपाबाईंचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग दुसरा नसेल.